संडे स्कूलची रोझी

मी पहिलीत असताना सोनवणेबाई मला म्हणाल्या होत्या, "मार्था, तू नुसते ओठ हलव." बाई मनानं वाईट नव्हत्या. नाताळच्या आधी मुलांची गाणी बसवायचं काम दरवर्षी त्यांच्या गळ्यात पडायचं, आणि पंचवीस पोरांमधून माझ्या एकटीचा आवाज वर निघायचा, वर जाऊन फाटायचा आणि फाटल्यावरही थांबायचा नाही. त्यांनी त्यांच्या परीनं तोडगा काढला. मी ओठ हलवू लागले, ते पुढं दहा वर्षं हलवत राहिले. श्रीरामपूरच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, मी आजही म्हणते), बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसून मी दर रविवारी गीतं म्हटल्यासारखं करायचे. सगळी गीतं तोंडपाठ होती. पाळकसाहेब एखादं कडवं विसरले असते तर मी त्यांना सांगू शकले असते. पण सूर घशाबाहेर काढायचा नाही हे अंगात इतकं मुरलं होतं, की घरी एकटी असतानाही मी मनातच गायचे. ज्याला गाता येत नाही त्याला गाण्याची भूक नसते असं लोकांना वाटतं. मला ती इतकी होती की रविवारी देवळातून घरी आले की उगाचच रडू यायचं, आणि कारण विचारलं तर सांगता यायचं नाही.

आमचं घर म्हणजे स्टेशनजवळ शाळेच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. पहाटे साखर कारखान्याचा भोंगा, मग मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज, मग नळावरच्या बायकांची भांडणं, असा आमचा दिवस उजाडायचा. हंगाम सुरू असला की मळीचा आंबूस वास घरात भरायचा आणि आठ दिवसांनी तो येतोय हे कळेनासं व्हायचं. मी सांगते आहे त्या वर्षी मात्र तो वास धड आलाच नाही. पाऊस नव्हता, उभा ऊस वाळून गेला होता आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळत होती. त्या मिलोच्या पिठाची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत चिरायची. आई नेवाशाकडच्या खेड्यातली. ती उकळत्या पाण्यात पीठ कालवून, हाताला चटके बसले तरी मळत राहून, त्याच पिठाची अखंड भाकरी करायची. सोबत हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. एवढ्या वर्षांनंतरही मला ते माडगं आवडतं हे सांगितलं की माझ्या सुना एकमेकींकडे बघतात.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शाळेत मराठी शिकवायचे आणि देवळात पेटी वाजवायचे. अंगानं किरकोळ, स्वभावानं सावध. त्यांचा एक गुण असा, की लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा पूर्ण विश्वास. औषधाच्या बाटलीवर 'चांगली हलवून घ्यावी' असं असेल तर ते घड्याळाकडे बघत ती बाटली हलवायचे. तोंडी सांगितलेलं काहीही त्यांना खरं वाटायचं नाही, आणि कागदावर असलेलं काहीही खोटं वाटायचं नाही. पुढं जे घडलं ते या गुणामुळेच घडलं.

मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरांच्या बायकोला दादा मराठी शिकवायला जायचे. फी घ्यायचे नाहीत. ते कुटुंब कायमचं मायदेशी निघालं, तेव्हा बाईंनी आपला रेकॉर्ड प्लेयर दादांना देऊन टाकला आणि वर एक रेकॉर्ड दिली. बाकीच्या रेकॉर्डी पेटाऱ्यांत गेल्या होत्या, ही एक आवराआवरीत मुलाच्या पलंगाखाली सापडली होती. तो मुलगा डोंगरावरच्या बोर्डिंगच्या शाळेत असायचा आणि सुट्टीत तेवढा यायचा. रेकॉर्डला खोकं नव्हतं, ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मधल्या लेबलवर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या कागदाची गोल चकती चिकटवलेली होती आणि त्यावर इंग्रजीत टाइप केलेलं होतं, 'संडे स्कूलची गीते', म्हणजे रविवारी देवळात मुलांचा वर्ग भरतो त्यातली. दादांनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि रेकॉर्ड बायबलशेजारी फळीवर ठेवली.

प्लेयर फिरेना, म्हणून स्टेशन रोडवरचे रेडिओवाले हसनभाई आले. त्यांनी वरची तबकडी उचलली, आत बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, मोटार ठीक हाय. ही तबकडी फिरवनारी रबरी चकती झिजलीया, म्हनून पकड न्हाई. खरी चकती मुंबईहून मागवावी लागंल. तवर काम भागवतो." त्यांनी खिशातून सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी काढली, बोटभर कापली आणि मोटारीच्या दांड्यावर चढवली. तबकडी फिरायला लागली. चांगली जोरात फिरायला लागली.

सुई टेकली आणि दोन खोल्यांच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते आम्हाला कळेना. एक गिटार धावत सुटलेली, तिच्यामागं कुणीतरी लाकडावर थापा मारत पळतंय, आणि त्या सगळ्यांच्या वर एक मुलगी गात होती. ती शब्द चावायची, मध्येच उचकी लागल्यासारखी थांबायची, हसायची, किंचाळायची. तिचा आवाज वर जाऊन फाटायचा आणि फाटला की ती आणखी जोर लावायची. मी दारात उभी होते. हातात घागर होती आणि ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही. माझ्याच घशातला आवाज दुसऱ्या कुणाच्या तोंडून, न लाजता, न आवरता बाहेर पडत होता. दादा चष्मा पुसत उभे राहिले. एक गाणं संपायला दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. मग ते म्हणाले, "ही अमेरिकेतली संडे स्कूलची पद्धत दिसते." आई चुलीपाशून म्हणाली, "कोनाची का असंना, पोरगी लई मोकळी गाती." आमच्याकडे ताडून बघायला दुसरी रेकॉर्ड नव्हती, आणि कागदावर संडे स्कूल लिहिलेलं होतं, त्यामुळे प्रश्न मिटला.

मी तिचं नाव रोझी ठेवलं. महिन्याभरात सगळी चाळ तिला रोझी म्हणायला लागली. संध्याकाळी बायका धान्य निवडायची सुपं घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, रोझी लावा की." मी शाळेतून आले की दार लावून तिच्याबरोबर गायचे. इंग्रजी शब्द धड कळत नव्हते, म्हणून पहिल्या गाण्यावर मी मराठी शब्द रचले, नाताळचे. दादांनी ते तपासले, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि खाली लाल शाईनं सही केली. त्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

उठा गड्यांनो, उठा बायांनो, गोठ्यात दिवा जागला,
कोरड्या पडल्या मुलखामध्ये पाळणा हलू लागला.

माझा नातू पुण्यात गिटार वाजवतो. त्यानं मला मध्ये फोनवर ती सगळी रेकॉर्ड ऐकवली आणि तासभर समजावून सांगितलं, की जगातलं गाणं या रेकॉर्डनंतर बदललं, पुढच्या दोन पिढ्यांनी गिटार हातात घेतली ती ही ऐकून, रॉक अँड रोल म्हणतात त्याचा हा पायाच. मी मान डोलावली. त्याला मी म्हटलं, बाळा, लंडन-न्यूयॉर्कचं मला माहीत नाही, पण श्रीरामपुरात तिनं काय केलं ते मी सांगू शकते.

दर नाताळात नगरला भजनी मंडळांची स्पर्धा व्हायची. जिल्ह्यातल्या गावोगावची ख्रिस्ती मंडळं यायची, मुख्य गवई पुढं बसायचा, मागं टाळकरी, आणि बायका असल्या तर त्यांच्याही मागं, झील धरायला, म्हणजे गवयाची ओळ मागून उचलायला. आमच्या मंडळाचे गवई शमुवेलकाका त्या वर्षी काम शोधायला मुंबईला निघून गेले. पेटीवर दादा होते, ढोलकीवर पौलस होता, झील धरायला सोनवणेबाई आणि चार जण होते, पण पुढं बसायला माणूस नव्हता. नाव मागं घ्यावं असं ठरत असताना पौलस म्हणाला, "मास्तर, तुमच्या मार्थीला उभी करा. म्या ओट्यावर बसून आयकलंया. त्या रोझीचा ठेका आपलाच हाय, फकस्त पळतोय. म्या धरतो त्याला." पौलस पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये होता आणि देवळात त्याला जरा कमी लेखूनच वागवायचे. सोनवणेबाई म्हणाल्या, "मुलीनं पुढं उभं राहून असं ओरडायचं?" दादांनी रेकॉर्ड फळीवरून काढून त्यांच्यापुढं धरली. "बाई, संडे स्कूलचं आहे. आणि तिथंही मुलगीच गाते." बाईंनी कागद वाचला आणि त्या कबूल झाल्या. दहा वर्षांनी मी तोंड उघडणार होते, ते तो कागद आणि ती मुलगी या दोन गोष्टींच्या जोरावर.

स्पर्धेला पाच दिवस राहिले असताना हसनभाई हसत हसत घरी आले. मुंबईहून खरी चकती आली होती. त्यांनी व्हॉल्व्हची नळी काढून टाकली, नवी चकती बसवली, आणि नाताळ जवळ आलाय म्हणून रेकॉर्डही ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून काढली. पुसताना कागदाची ती चकती भिजून त्यांच्या फडक्याला चिकटून आली. खाली दुसरं, छापील लेबल होतं आणि त्यावर एका पुरुषाचं नाव होतं. संडे स्कूलचा उल्लेख कुठंच नव्हता. हसनभाईंनी आपलं काम झालं म्हणून सुई टेकवली, आणि आमच्या रोझीच्या गाण्यातून एक पुरुष गायला लागला. सावकाश, खालच्या पट्टीत, तरुण पुरुषाचा आवाज. उचकी तीच, हसणं तेच, पण माणूस दुसरा. हसनभाई म्हणाले, "आता बराबर चाल आली. इतके दिस नळीमुळं जोरात पळत हुतं."

आईनं हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "मंग रोझी कुठं गेली?" मी आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आज हे सांगताना गंमत वाटते, पण तेव्हा माझ्या घरातलं माणूस गेलं होतं. माझ्यासारखा आवाज असलेली मुलगी जगात कुठंतरी आहे, आणि तिला कुणी ओठ हलव म्हणत नाही, एवढ्याच आधारावर मी उभी राहिले होते. ती नव्हतीच कधी. होती ती सायकलची नळी. त्या बोर्डिंगच्या पोरानं आईबापांच्या धाकानं रेकॉर्डवर कागद चिकटवला होता, हेही आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मी दादांना सांगितलं, "माझं नाव काढून टाका. मी गाणार नाही."

दादा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्याकडचा कागदच नाहीसा झाला होता. सकाळी मी उठले तर ते पेटी पुढ्यात घेऊन बसले होते, शेजारी प्लेयर लावलेला. थोडं ऐकायचे, एक सूर दाबून बघायचे, मग दुसरा. मला बसायला सांगून म्हणाले, "तो माणूस इथून गातो." त्यांनी खालचा सूर दाबला. "आणि तू इथून गातेस." वरचा दाबला. "इतके दिवस आपण जो आवाज ऐकत होतो, तो त्याचा नाही. तसा आवाज जगात कुणीच काढलेला नाही. मी काल दिवसभर विचार केला, मार्थे. तो आवाज काढणारी तू एकटीच आहेस."

"पण दादा, ते संडे स्कूलचं नाही."

"शब्द तुझे आहेत. ते मी तपासलेत," दादा म्हणाले. "खाली माझी सही आहे."

जन्मभर दुसऱ्यानं लिहिलेल्यावर विसंबलेल्या माणसानं त्या दिवशी स्वतःच्या सहीवर विसंबायचं ठरवलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी नाही म्हणू शकले नाही. सोनवणेबाईंनाही त्यांनी सगळं खरं खरं सांगून टाकलं. बाईंनी आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "आता नाव दिलंय तर जाऊ. लोक हसले तर हसतील."

नगरला मैदानात मांडव घातला होता. दुपारची वेळ, जाजमावर गावोगावची माणसं, कडेनं बायका, मागं झाडाला टेकून पोरं. आमच्या आधीची मंडळं फार छान गायली. शांत, ठाय लयीत, डोळे मिटून. आमचं नाव पुकारलं आणि मी पुढं जाऊन उभी राहिले, तेव्हा कुजबुज झाली, कारण मुख्य गवई बसतो. बसून ते गाणं येतच नाही, मी करून पाहिलं होतं. दादांनी सूर दिला. सोनवणेबाई मागून हळूच म्हणाल्या, "जरा आवरून हं." पौलसनं ढोलकीवर थाप मारली आणि मला आवरणं शक्यच राहिलं नाही.

पहिल्याच ओळीला माझा आवाज वर गेला आणि फाटला. मांडवात शांतता झाली. लहानपणापासून मला ही शांतता माहीत होती, तिच्यानंतर कुणीतरी दटावतं. पण ते गाणंच असं आहे की फाटलेला आवाज त्याला हवा असतो, त्याच्यावाचून ते उभं राहत नाही. मी आणखी जोर लावला. पौलस पळायला लागला, दादा पेटीवर वाकले, आणि दुसऱ्या कडव्याला 'कोरड्या पडल्या मुलखामध्ये' ही ओळ आली तेव्हा जाजमावरच्या एका म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. त्याच्या शेजारच्यानं टाळी धरली. मग सगळ्या मांडवानं. दुष्काळात होरपळलेली माणसं ती, सकाळी मिलोची भाकरी बांधून घेऊन आलेली, आणि बघता बघता उठून उभी राहिली. माझा घसा पेटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की मला वाटलं आता मेले तरी चालेल. तसा आनंद पुढं मला लग्नात झाला नाही, मुलांच्या वेळी झाला नाही. खोटं कशाला लिहू.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. परीक्षकांमधले थोरले पाळक उठून म्हणाले, "बक्षीस भजनाला द्यायचं आहे. या मुलीनं जे म्हटलं ते भजन आहे की काय आहे, ते आम्हा तिघांना ठरवता आलं नाही. म्हणून बक्षीस दुसऱ्यांना देतो. पण बाळ, तू ते पुन्हा म्हण. लोक जायला तयार नाहीत." मी तीनदा म्हटलं. आज आमच्या भागात कुठल्याही ख्रिस्ती लग्नाला जा, वरातीत बँडवाले ती चाल वाजवतातच, आणि हसनभाईंच्या नळीच्याच वेगानं वाजवतात. ती कुठून आली हे कुणाला ठाऊक नाही. माझ्या नातवानं मूळ गाणं ऐकवलं तेव्हा एका भाचीनं नाक मुरडलं, आपलंच चांगलंय म्हणाली.

तिसऱ्यांदा म्हणत होते तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. बायकांच्या बाजूनं एक आवाज माझ्यात मिसळला. मोठा, राकट, वर जाऊन फाटणारा. मला क्षणभर वाटलं, रोझीच आली. मी वळून बघितलं तर आई होती. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे मिटलेले, सगळे शब्द पाठ. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की जन्मल्यापासून दर रविवारी मी देवळात तिच्या शेजारी बसले होते आणि तिचं गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

परतीच्या एस्टीत ऊन खिडकीतून आडवं येत होतं. सोनवणेबाईंनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली, घसा बसेल म्हणाल्या, आणि मग एक खडा आईलाही दिला. मी आईला विचारलं, "तू कधी गायली का नाहीस गं?"

आईनं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "मला कुनी गा म्हनलंच न्हाई."

पुढच्या बाकावरून दादा मागं वळले. "गा," ते म्हणाले.

आणि तिनं खडीसाखर गालात सरकवून सुरू केलं. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला, पौलसनं समोरच्या बाकाच्या पत्र्यावर ठेका धरला, मी सामील झाले. राहुरीच्या स्टँडवर गाडी थांबली, तरी आई थांबली नाही.